चार दिवसांचा अमेरिकन

तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी सध्या अमेरिकेच्या मागे लागलेलं असेलच. मावसभाऊ एमएस करून तिथेच नोकरीला लागलाय, वर्गातली मैत्रीण जीआरईचे शब्द पाठ करतेय, सोसायटीतल्या काकूंचा मुलगा दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. या रांगेवर आपल्याकडे घरोघरी चर्चा चालते. तारीख कुठवर सरकली, नवा नियम काय आला, मुलं एकवीस वर्षांची झाली की त्यांचं काय होणार. आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, ते शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दारात उभे होते. त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व एकदा नव्हे, तीनदा मिळालं. म्हणजे मधे ते दोनदा काढूनही घेतलं गेलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिल्या वेळी तर ते जेमतेम चार दिवस टिकलं.

नाव भगतसिंग. थांबा, ते नव्हेत! हे भगतसिंग थिंद. दोघेही पंजाबचे, पण थिंद हे शहीद भगतसिंगांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात ते भेटत नाहीत. अमेरिकेत मात्र कायदा किंवा इतिहास शिकणाऱ्या मुलांना त्यांचं नाव एका खटल्याच्या शीर्षकात हटकून भेटतं. युनायटेड स्टेट्स विरुद्ध भगतसिंग थिंद. एका बाजूला आख्खा देश, दुसऱ्या बाजूला पगडीवाला एक माणूस.

३ ऑक्टोबर १८९२ रोजी अमृतसर जिल्ह्यातल्या तारागढ तलवा या गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षण अमृतसरच्या खालसा कॉलेजात. तिथे त्यांच्या हाती इमर्सन, थोरो, व्हिटमन हे अमेरिकी लेखक लागले आणि त्या पुस्तकांतल्या अमेरिकेच्या ते प्रेमात पडले. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. तुमच्यापैकी कित्येकांची अमेरिका वेब सिरीजमधली असते, त्यांची पुस्तकातली होती. आधी ते फिलिपिन्समधल्या मनिलाला गेले, तिथे काही काळ राहिले आणि मग जहाजाने सिअ‍ॅटलला उतरले. तारीख होती ४ जुलै १९१३. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

पण ज्या किनाऱ्यावर ते उतरले, तो पुस्तकातल्यासारखा नव्हता. पॅसिफिकच्या काठाने तेव्हा काही हजार पंजाबी पसरलेले होते. बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, काही ब्रिटिश फौजेतून सुटलेले शिपाई. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या रुळांवर, फळबागांत पडेल ते काम करायचे. त्यात शीख जास्त, काही मुसलमान, थोडे हिंदू. गोऱ्यांच्या लेखी मात्र सगळे सरसकट ‘हिंदू’. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात काहीशे गोऱ्यांच्या जमावाने या मजुरांच्या खोल्यांत घुसून त्यांना बाहेर काढलं, मारलं, सामान रस्त्यावर फेकलं. दोन-चार दिवसांत त्या गावातून भारतीय माणूस नाहीसा झाला. कारण काय दिलं गेलं? हे लोक कमी मजुरीत राबतात, आमची कामं खातात, यांची राहणी आमच्यासारखी नाही. (ही वाक्यं तुम्ही मराठीतही ऐकली असतील. कुणाबद्दल, ते तुम्ही आठवा.)

थिंद उन्हाळ्यात ओरेगनमध्ये अ‍ॅस्टोरियाच्या लाकूडगिरणीत काम करायचे आणि त्या पैशांवर कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकायचे. अ‍ॅस्टोरिया हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण गदर चळवळीच्या स्थापनेची एक महत्त्वाची सभा १९१३ मध्ये तिथेच झाली होती. परदेशात मिळणाऱ्या वागणुकीचं मूळ आपल्या गुलामीत आहे, घरचं राज्य असतं तर आपल्यावर हात टाकायला लोक कचरले असते, हे त्या गिरणीकामगारांना तिथे जाऊन उमगलं. गावात असताना ते कुणी जाट, कुणी अमुक पिंडचा, कुणी तमुक पलटणीचा असे होते. सातासमुद्रापार सगळ्यांवर एकच शिक्का बसला आणि ते हिंदुस्थानी झाले. या गदरवाल्यांत आपलेही लोक होते. सिअ‍ॅटलला इंजिनीअरिंग शिकायला गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे लढ्यासाठी परत आले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभांसोबत फासावर गेले. थिंद या मंडळींच्या जवळचे होते, पण ते परतले नाहीत. त्यांना अमेरिकेतच राहायचं होतं. आणि तरीही भारत स्वतंत्र व्हायला हवा होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी हव्याशा वाटू शकतात, हे पुढे एका सरकारी अधिकाऱ्याला काही केल्या पटेना.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली. २२ जुलै १९१८ रोजी थिंद अमेरिकी लष्करात भरती झाले. पगडीसकट. पगडी न उतरवता अमेरिकी लष्करात गेलेले ते पहिले शीख मानले जातात. कॅम्प लुइस या छावणीतला त्यांचा एक फोटो आहे, नेटवर सहज सापडेल. अंगात कडक गणवेश, डोक्यावर पगडी, शेजारी गोरे सोबती. ८ नोव्हेंबरला ते कार्यवाहक सार्जंट झाले. तीनच दिवसांनी युद्ध संपलं.

सैनिकांना नागरिकत्व लवकर देण्याची सोय तेव्हा होती. ९ डिसेंबर १९१८ रोजी थिंद गणवेशातच कोर्टात गेले आणि अमेरिकेचे नागरिक झाले. १३ डिसेंबरला ते नागरिकत्व रद्द झालं. नागरिकत्व खात्याचं म्हणणं पडलं की हा मनुष्य गोरा नाही. आणि १६ डिसेंबरला लष्कराने त्यांना सन्मानाने निरोप दिला, वर्तणूक उत्कृष्ट अशा शेऱ्यासह. एकाच आठवड्यात एका खात्याने हाकललं आणि दुसऱ्याने पाठ थोपटली. सरकार नावाची गोष्ट तिकडेही अशीच असते तर!

आता हे ‘गोरा नाही’ प्रकरण काय, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकेने १७९० मध्येच कायदा करून ठेवला होता की बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं तर तो स्वतंत्र आणि गोरा असला पाहिजे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. म्हणजे दारं दोनच. गोऱ्यांचं आणि काळ्यांचं. चिनी, जपानी, हिंदी, अरब यांनी कुठल्या दाराने जायचं? काळ्यांच्या दाराने जायला बहुतेक कुणी तयार नव्हतं, कारण काळ्यांना त्या देशात कसं वागवतात हे सगळे डोळ्यांनी पाहत होते. मग ज्याने त्याने कोर्टात जाऊन आपण गोरे कसे, हे सिद्ध करायचा खटाटोप सुरू केला. काहींना ते जमलंही. पारशी असलेले भिकाजी बलसारा आणि बंगालचे अक्षयकुमार मजुमदार यांना थिंद यांच्या आधी नागरिकत्व मिळालं होतं. कुठला न्यायाधीश समोर येतो, त्यावर तुमचा रंग ठरायचा.

थिंद यांनी हार मानली नाही. ओरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. तिथे त्याच खात्याच्या अधिकाऱ्याने त्यांचं गदरवाल्यांशी असलेलं नातं उकरून काढलं. हा तर ब्रिटिशांच्या विरोधातला माणूस, अमेरिकेशी काय निष्ठा ठेवणार, असा त्याचा सूर. न्यायाधीश चार्ल्स वॉल्व्हर्टन यांनी सगळं ऐकून घेतलं. आपल्या मायदेशाचं स्वातंत्र्य मागणं आणि अमेरिकेच्या राज्यघटनेवर श्रद्धा असणं यांत त्यांना काही विसंगती दिसली नाही. १८ नोव्हेंबर १९२० रोजी थिंद दुसऱ्यांदा अमेरिकन झाले. सरकार अपिलात गेलं. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोचलं.

तिथे त्यांच्या आधी एका जपानी माणसाचा नंबर लागला. ताकाओ ओझावा. वीस वर्षं अमेरिकी भूमीवर राहिलेला, घरातही इंग्रजीच बोलणारा, मुलांना अमेरिकी शाळेत घालणारा. त्याचं म्हणणं साधं होतं. माझी कातडी तुमच्या कित्येकांपेक्षा उजळ आहे, मग मी गोरा का नाही? नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कातडीचा रंग हा निकष नाहीच. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. जपानी कॉकेशियन नाहीत, तेव्हा अर्ज फेटाळला.

हा निकाल वाचून थिंद यांच्या वकिलांना काय वाटलं असेल, याची कल्पना करा. तेव्हाचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत. भाषा आर्य कुळातली, वंश कॉकेशियन. न्यायालयाने स्वतःच व्याख्या ठरवली होती आणि थिंद त्यात चपखल बसत होते.

आणि इथेच या गोष्टीतला तो भाग येतो, जो सांगताना अडखळायला होतं. आपल्या अशिलाचं गोरेपण सिद्ध करायला वकिलांनी जात पुढे केली. हा उच्चवर्णीय आहे. याच्या पूर्वजांनी जातीचे नियम पाळून रक्त शुद्ध ठेवलं आहे. भारतातले मूळ रहिवासी आणि खालच्या जाती यांच्याकडे हे लोक त्याच नजरेने पाहतात, ज्या नजरेने तुम्ही अमेरिकन निग्रोंकडे पाहता, विशेषतः लग्नाच्या बाबतीत. अशा आशयाचा युक्तिवाद चक्क लेखी दाखल झाला. थोडक्यात काय, तर आम्हीही तुमच्यासारखेच भेदभाव करतो, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या. ज्या धर्मात लंगरला एका पंगतीत बसणं हा पाया आहे, त्या धर्मातल्या माणसाच्या नावावर हा युक्तिवाद आहे. तोही ‘उच्च जातीचा हिंदू’ म्हणून.

थिंद यांचं कौतुक करणारे लेख हा भाग बहुतेक गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. दार बंद असेल तेव्हा माणूस मिळेल त्या दगडाने ते ठोठावतो, हे खरं. पण तो दगड दुसऱ्या कुणाच्या डोक्यात बसणार आहे, हेही खरं.

योगायोग बघा. थिंद सिअ‍ॅटलला उतरले त्याच जुलै १९१३ मध्ये, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कच्या बंदरात आणखी एक भारतीय तरुण उतरला. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात आलेले भीमराव आंबेडकर. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी तिथे भारतातल्या जातींवर निबंध वाचला आणि वंशाच्या किंवा रंगाच्या फरकातून जात जन्मली ही युरोपियनांची कल्पना खोडून काढली. पुढे जातिभेद निर्मूलनावरचं जे भाषण त्यांना लाहोरमध्ये करू दिलं गेलं नाही, त्यात तर त्यांनी पंजाबचंच उदाहरण घेतलं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांच्यात वंशाचा असा काय फरक आहे? दोघे एकाच मातीचे. थिंद यांच्या वकिलांनी ज्या पायावर इमारत रचली, तो पायाच आंबेडकरांनी उखडून टाकला होता. हे दोघे कधी भेटल्याचं वाचनात नाही. एकाच देशात, एकाच काळात शिकत होते, एवढंच.

१९ फेब्रुवारी १९२३. आपल्याकडे ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ असते. अमेरिकेतल्या भारतीयांच्या ती दुसऱ्याच कारणाने काळजात रुतली. सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी निकाल आला. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. ओझावाचंही त्यांनीच लिहिलं होतं. तीन महिन्यांपूर्वी ते म्हणाले होते की गोरा म्हणजे कॉकेशियन. आता म्हणाले की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा. सर्वसाधारण माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. थिंद शास्त्रानुसार कॉकेशियन असतीलही, पण रस्त्यावरचा अमेरिकन त्यांना गोरा म्हणणार नाही. जपानी माणसाला शास्त्र दाखवून बाहेर काढलं आणि हिंदी माणसाला शास्त्र बाजूला ठेवून.

त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, तो आजही जगभर या ना त्या रूपात ऐकू येतो. इंग्रज, जर्मन, इटालियन, स्कँडिनेव्हियन यांची मुलं इथल्या लोकांत पटकन मिसळून जातात, ओळखूही येत नाहीत. हिंदी आईबापांची मुलं मात्र कायम वेगळी दिसत राहतील. यात कुणाला कमी लेखायचा हेतू नाही, फरक तेवढा आहे, अशी पुस्तीही जोडली. जाता जाता सांगायला हवं, न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मले होते. लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आले. तेही स्थलांतरितच. फक्त ओळखू येत नव्हते.

निकाल एकट्या थिंद यांच्यापुरता राहिला असता तरी तो वाईट होता. पण सरकारने लगेच आधी नागरिक झालेल्या भारतीयांच्या फायली काढल्या. पन्नासच्या वर लोकांचं नागरिकत्व त्या काही वर्षांत काढून घेतलं गेलं. कॅलिफोर्नियात कायदा होता की ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन घेता येणार नाही. तो आता पंजाबी शेतकऱ्यांच्या मानेवर आला. मग पळवाटा निघाल्या. कुणी विश्वासातल्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन केली, कुणी तिथेच जन्मलेल्या पोरांच्या नावावर. बायको भारतातून आणता येत नव्हती, कारण १९१७ च्या कायद्याने भारतातून येणंच जवळपास बंद झालं होतं. गोऱ्या बाईशी लग्न करायला कायदा आडवा. उरल्या शेतात शेजारी राबणाऱ्या मेक्सिकन मुली. दोघांचा रंग कारकुनाच्या डोळ्यांना सारखा दिसला की परवाना मिळायचा. इम्पीरियल व्हॅलीत अशी शेकडो घरं उभी राहिली. पोरांचं नाव स्पॅनिश, आडनाव सिंग, रविवारी चर्च आणि ताटात रोटीसारखाच दिसणारा तोर्तिया. अमेरिका कुणाची, हे ठरवायला बसलेल्या कायद्याने नकळत एक नवाच समाज जन्माला घातला. मला हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत गमतीचा भाग वाटतो.

बायकांचं काय झालं तेही ऐका. नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाशी लग्न केलं, की अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जायचं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी अमेरिकेतच जन्मल्या होत्या. नवरा पुन्हा परका ठरला, तेव्हा त्याही आपल्याच देशात परक्या झाल्या.

सर्वांत जास्त सोसलं ते वैष्णोदास बगई यांनी. मूळचे पेशावरचे. बायको कला आणि तीन मुलं घेऊन १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. पैसा होता, इंग्रजी होतं, सूट-बूट होता. बर्कलीत घर घेतलं, तर राहायला जायच्या दिवशी शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून त्यांना आत शिरू दिलं नाही. तेही गिळून त्यांनी दुकान टाकलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. थिंद निकालानंतर नागरिकत्व गेलं, पाठोपाठ मालमत्ता आणि दुकान विकावं लागलं. १९२८ मध्ये भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं म्हटलं, तर अमेरिकेने पासपोर्ट नाकारला. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असा सल्ला मिळाला. ज्या राज्याला नको म्हणून देश सोडला, त्याच राज्याची प्रजा म्हणून घरी जायचं? त्यांनी त्याच वर्षी आपलं आयुष्य संपवलं. जाण्यापूर्वी एका वर्तमानपत्राला पत्र लिहून आपल्यावर ही वेळ का आली, ते सांगितलं. मागे कलाबाई राहिल्या. त्यांनी मुलांना शिकवलं, परक्या गावात उभं केलं, पुढे नव्याने येणाऱ्या भारतीय कुटुंबांना आधार दिला. ज्या बर्कलीने त्यांना घरात शिरू दिलं नव्हतं, तिथल्या एका रस्त्याला अलीकडे त्यांचं नाव दिलं आहे.

या लाटेला बांध घातला तो सखाराम गणेश पंडित यांनी. जन्म अहमदाबादचा, वकिली कॅलिफोर्नियात. थिंद यांच्या वकिलांमध्ये हेही होते. त्यांचंही नागरिकत्व काढायला सरकार आलं, तेव्हा त्यांनी आपण गोरे की काळे या वादात शिरायचंच नाकारलं. एकदा सक्षम न्यायालयाने दिलेला निर्णय, ज्यावर तेव्हा सरकारने अपील केलं नाही, तो आता पुन्हा उघडता येणार नाही, एवढाच मुद्दा धरला. त्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकील झालो, घर केलं, लग्न केलं. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाही नकार दिला. मग बाकीच्यांच्या मागचा ससेमिरा थांबला. वंशाच्या वादात थिंद हरले, साध्या कायद्याच्या मुद्द्यावर पंडित तरले. वकिली शिकत असाल तर हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा.

आणि थिंद? कुणी दुसरा असता तर वैतागून जहाजात बसला असता. ते राहिले. नागरिक नसलेले, मतदानाचा हक्क नसलेले, पण तिथलेच. अध्यात्मावर व्याख्यानं देत अमेरिकाभर शहरामागून शहर फिरले, पुस्तकं लिहिली. गुरुबाणीतलं तत्त्वज्ञान सांगताना त्यांच्या बोलण्यात तेच इमर्सन आणि व्हिटमन यायचे. त्यांचं बोलणं ऐकायला येणारे बहुतेक गोरेच होते. म्हणजे ज्या सर्वसाधारण अमेरिकन माणसाच्या नावाने न्यायालयाने त्यांना बाहेर काढलं, तोच तिकीट काढून समोर बसत होता.

१९३५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने एक छोटा कायदा केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. थिंद यांनी न्यूयॉर्कमधून अर्ज केला आणि १९३६ मध्ये ते तिसऱ्यांदा अमेरिकन झाले. यावेळी कुणी आडवं आलं नाही. पहिल्या शपथेला अठरा वर्षं झाली होती, वय चव्वेचाळीसच्या आसपास. १९४० मध्ये त्यांनी व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी लग्न केलं.

बाकीच्या भारतीयांना आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. जनगणनेच्या तक्त्यात १९३० आणि १९४० मध्ये ‘हिंदू’ हा चक्क एक वंश म्हणून छापला होता. मग तुम्ही शीख असा, मुसलमान असा नाहीतर ख्रिस्ती. जुलै १९४६ मध्ये भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला आणि वर्षाला येणाऱ्यांचा कोटा ठरला अवघा शंभर. त्या हक्काच्या जोरावर इम्पीरियल व्हॅलीतले एक शेतकरी, दलीपसिंग सौंद, १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ च्या निवडणुकीत थेट अमेरिकी संसदेत निवडून गेले. गोरेपणाची अट कायद्यातून पूर्ण गेली ती १९५२ मध्ये. दारावरचा शंभराचा कोटा मात्र होताच.

तो उठवणारा कायदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून सही केला. याच कायद्याने पुढे मुंबई, पुणे, नागपूरचे डॉक्टर आणि इंजिनीअर खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसले. तुमच्या मावसभावाच्या व्हिसाचं मूळही शोधत गेलात तर तिथवर पोचाल. सहीची तारीख होती ३ ऑक्टोबर १९६५. त्या दिवशी भगतसिंग थिंद त्र्याहत्तर वर्षांचे झाले. त्यानंतर ते दोन वर्षंही जगले नाहीत. १५ सप्टेंबर १९६७ रोजी ते गेले, अमेरिकेचे नागरिक म्हणून.